मुडदा उठला, पण भीती कुठे गेली?

बेटावरच्या व्हूडू झॉम्बीपटांविषयी या खेपेला बरीच पत्रं आली. काही तक्रारीची आहेत, काही स्वतः लघुपट करू पाहणाऱ्यांची. दोन्हींची उत्तरं एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे ती इथे एकत्रच देत आहोत.

प्रश्न : कॅरिबियन बेटावर घडणारा एक व्हूडू झॉम्बीपट नुकताच पाहिला. सुट्टीवर आलेले पाच-सहा तरुण, जंगलातून ऐकू येणारे ढोल, हाडांच्या माळा घातलेला मांत्रिक आणि शेवटच्या वीस मिनिटांत मातीतून उठून चावत सुटणारे मुडदे. सगळी सामग्री होती, पण एकदाही अंगावर काटा आला नाही. नेमकं चुकलं कुठे?

चूक मुडदे उठायच्या कितीतरी आधी झाली आहे. व्हूडू आणि झॉम्बी दोन्ही कॅरिबियनमधल्या हैती या देशातले, पण भुकेने चावत सुटणारा झॉम्बी हैतीचा नाही. तो १९६८ साली जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मधून आला, आणि त्या सिनेमात 'झॉम्बी' हा शब्दसुद्धा नाही. तिथे या मुडद्यांना 'घूल' म्हटलं आहे. हैतीतल्या समजुतीतला झॉम्बी कुणाला खात नाही, तो काम करतो. बोकोर, म्हणजे पैसे घेऊन वाईट कामंही करणारा मांत्रिक, माणसाला मारतो, पुरलेल्याला उठवतो आणि शेतावर राबवतो. तिथे भीती झॉम्बी समोर येण्याची नसते. आपल्याला किंवा आपल्या माणसाला कुणी झॉम्बी करील, ही भीती असते. म्हणून थडग्यावर जड दगड रचायचे, पुरल्यानंतर काही रात्री पहारा द्यायचा, अशा चालींच्या नोंदी तिथे सापडतात.

याचं मूळ उसात आहे. हैती फ्रेंचांची वसाहत होती तेव्हा तिचं नाव सॅं-दोमँग. आफ्रिकेतून आणलेले गुलाम तिथल्या मळ्यांवर मरेपर्यंत राबत. मेल्यावर आत्मा समुद्रापलीकडे गिनीला, पूर्वजांच्या भूमीत परत जातो, ही त्यांची श्रद्धा. मरण हीच सुटका. झॉम्बी म्हणजे ती सुटकाही हिरावली गेलेला माणूस : मेला, तरी फडातून सुटला नाही. १७९१ मध्ये गुलामांनी बंड केलं, १ जानेवारी १८०४ रोजी देश स्वतंत्र झाला, पण ही भीती गेली नाही. पुढे १९१५ ते १९३४ हैती अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होती आणि रस्त्यांच्या कामावर गावकऱ्यांना सक्तीने जुंपलं गेलं. त्याच काळात, १९२९ मध्ये, विल्यम सीब्रुकच्या 'द मॅजिक आयलंड' या पुस्तकातून उसाच्या फडात राबणाऱ्या मुडद्यांची गोष्ट अमेरिकेत पोचली. तीन वर्षांनी व्हिक्टर हाल्पेरिनचा 'व्हाइट झॉम्बी' आला.

त्यातला साखर कारखान्याचा प्रसंग जरूर पाहा. मोठ्या लाकडी घाण्याचे दांडे ढकलत मुडदे गोल फिरत असतात. वरून ऊस आणून टाकणाऱ्यांपैकी एकाचा तोल जातो आणि तो खाली यंत्रात पडतो. किंकाळी नाही. कुणी थांबत नाही, कुणी मान वळवत नाही. घाण्याची करकर आधी होती तशीच चालू राहते. रक्ताचा थेंब न दाखवता हा प्रसंग आजही पोटात कालवतो, कारण मुडद्यांना काय करायला लावलंय ते दिसतं.

तुम्ही पाहिलेल्या सिनेमाला एकच प्रश्न विचारून बघा : बोकोरला या मुडद्यांकडून काय हवं आहे? तुम्ही लिहिलेल्या कथेवरून तरी त्याला काहीच नको आहे. तो हसतो, कवटी हलवतो आणि मुडदे सोडतो. हेतू नसलेल्या खलनायकाची भीती वाटणं कठीण.

दुसरं, वेळेचं गणित. 'व्हाइट झॉम्बी' आणि जाक टूर्नरचा १९४३ चा 'आय वॉक्ड विथ अ झॉम्बी' हे दोन्ही ७० मिनिटांच्या आत संपतात. तुमच्या सिनेमात पहिला तास तरुणांच्या भांडणात गेला, म्हणजे झॉम्बीची चाहूल लागायच्या आत प्रेक्षक कंटाळला. मुडदा उशिरा दिसला तरी चालतं, पण त्याच्या मालकाची सावली पहिल्या दहा मिनिटांत पडायला हवी.

तिसरं, बेट. नाव फुटली आणि रेडिओ बंद पडला, एवढ्याने बेट उभं राहत नाही. जमीन कुणाची, राबतं कोण, विहीर कुठे, हे कळलं तर ते जिवंत होतं. १९४३ च्या सिनेमात नायिका बेटावर येते तेव्हा गाडीवान तिला सांगतो की आमच्या पूर्वजांना जहाजाच्या तळाशी साखळदंडात बांधून इथे आणलं. ती म्हणते, पण आणलं ते किती सुंदर जागी! तो एवढंच म्हणतो की बाई, तुम्ही म्हणता तर तसं. या दोन वाक्यांत बेटाचा सगळा भूतकाळ येऊन बसतो. त्याला एक पैसा जास्त लागलेला नाही.

प्रश्न : व्हूडू म्हणजे बाहुलीला टाचण्या टोचणं, असंच सिनेमांतून कळतं. त्यात खरं किती?

बाहुलीचं जवळजवळ काहीच खरं नाही. शत्रूची बाहुली करून तिला टोचण्याची जादू युरोपात जुनी आहे. हैतीच्या व्हूडूच्या गाभ्यात तिला जागा नाही.

व्हूडू हा धर्म आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या फोन, योरुबा वगैरे लोकांच्या आणि काँगो भागातल्या परंपरा आणि त्यात मिसळलेले कॅथलिक संत, अशी त्याची घडण. पुरुष पुरोहित तो हुंगान, स्त्री ती माम्बो. बोकोर यांच्याहून वेगळा, आणि सिनेमातली सर्वांत मोठी गल्लत इथेच होते : तिन्हींना एकाच हाडांच्या माळेत ओवलं जातं. ज्यांची उपासना होते ते आत्मे म्हणजे ल्वा. ते भक्ताच्या अंगात येतात. त्याला 'घोड्यावर बसणं' म्हणतात. हैतीच्या सरकारने २००३ मध्ये व्हूडूला अधिकृत धर्म म्हणून मान्यता दिली.

आता कलादिग्दर्शनापुरतं. प्रत्येक ल्वाची रेखाकृती असते, तिला वेवे म्हणतात. ती भिंतीवर रक्ताने काढत नाहीत. मक्याचं पीठ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून सोडत जमिनीवर काढतात, आणि विधीत नाचणाऱ्यांच्या पायांनीच ती पुसली जाते. पुसलं जाणारं हे चित्र पडद्यावर किती बोलकं ठरेल याचा विचार करा. तरी दहांपैकी नऊ सिनेमे भिंतीवर लाल रंग फासून मोकळे होतात. पूजेच्या मंडपाच्या मधोमध एक खांब असतो, पोतो-मितान. ल्वा त्यावरून खाली उतरतात अशी श्रद्धा आहे. सेट लावताना आधी खांब उभा करा आणि सगळ्या हालचाली त्याच्याभोवती ठेवा. मांडवाला आपोआप केंद्र येतं.

बॅरन सामदी हा स्मशानाचा धनी. उंच काळी टोपी, काळा कोट, काळा चष्मा आणि मिरची घातलेली रम ही त्याची ओळख. त्याच्या परवानगीशिवाय थडग्यातून कुणाला काढता येत नाही, असं मानतात. म्हणजे बोकोरलाही कुणाच्या तरी पाया पडावं लागतं. पटकथेसाठी ही आयती गाठ आहे, पण सिनेमावाले बॅरनला नुसता सैतान करून टाकतात. तो उर्मट आहे, चावट बोलतो, पण आजारी मुलांचा रक्षणकर्ताही तोच.

प्रश्न : झॉम्बी करणारी पावडर खरंच असते का? माशाच्या विषाची गोष्ट बऱ्याच ठिकाणी ऐकली आहे.

गोष्ट कुठून आली ते आधी. क्लेर्व्हियस नार्सिस नावाचा हैतीचा माणूस १९६२ मध्ये रुग्णालयात मरण पावल्याची नोंद झाली आणि त्याला पुरलं गेलं. १९८० मध्ये एक माणूस त्याच्या बहिणीसमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला की मीच तो. मला थडग्यातून काढून मळ्यावर राबवत होते. हार्वर्डमधून आलेला वनस्पतिअभ्यासक वेड डेव्हिस याने यावर मांडणी केली की बोकोरच्या पावडरीत पफर माशाचं टेट्रोडोटॉक्सिन असावं, आणि नंतर धोतरा देऊन माणसाला भ्रमात ठेवत असावेत. धोतऱ्याला हैतीत 'झॉम्बीची काकडी' म्हणतात. डेव्हिसच्या १९८५ च्या पुस्तकावरून वेस क्रेव्हनने १९८८ मध्ये 'द सर्पंट अँड द रेनबो' केला.

टेट्रोडोटॉक्सिन नसांमधल्या सोडियमच्या वाटा बंद करतं. स्नायू लुळे पडतात, श्वास थांबतो, आणि माणूस बराच वेळ शुद्धीवर असू शकतो. त्यावर उतारा नाही. कृत्रिम श्वास देत विष उतरण्याची वाट पाहावी लागते. मासा शिजवल्याने ते जात नाही. इथवर डेव्हिसची मांडणी पटते. अडतं ते पुढे. त्याने आणलेल्या पावडरीचे नमुने इतरांनी तपासले तेव्हा त्यांत हे विष नगण्य निघालं. शिवाय मात्रा जराशी जास्त झाली तर माणूस मरतो, जराशी कमी झाली तर नुसते ओठ बधिर होतात. वर्षानुवर्षं गुलाम ठेवणारं औषध म्हणून ते टिकत नाही.

१९९७ मध्ये रोलँड लिटलवुड आणि शाव्हान दुयाँ यांनी झॉम्बी समजल्या गेलेल्या तिघांची तपासणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. तिघांनाही मेंदूचे किंवा मनाचे आजार होते, आणि दोघांच्या बाबतीत डीएनए तपासणीवरून दिसलं की ज्यांनी त्यांना आपलं माणूस म्हणून घरी नेलं होतं त्यांच्याशी त्यांचं नातंच नव्हतं. शोकातल्या कुटुंबाने भटक्या, आजारी माणसाला आपला मेलेला मुलगा समजून घरात घ्यावं, यावर आजवरच्या झॉम्बीपटांनी फारसं लक्ष दिलेलं नाही. पावडरीपेक्षा ही कथा कितीतरी खोल आहे.

एक कायदेशीर बाब पटकथाकारांनी लक्षात ठेवावी. हैतीच्या जुन्या दंडसंहितेतल्या २४६ व्या कलमानुसार, मृत्यू न आणता माणसाला दीर्घ गुंगीत टाकणारे पदार्थ देणं हा विषप्रयोग समजला जातो, आणि त्या अवस्थेत त्याला पुरलं तर तो खून.

प्रश्न : त्या सिनेमातली रात्र मला सारखी खोटी वाटत होती. निळसर ऊन पडल्यासारखं दिसत होतं. असं का होतं?

कारण ते ऊनच होतं. दिवसा चित्रण करून रात्र भासवण्याच्या या पद्धतीला 'डे फॉर नाइट' म्हणतात. जंगलात किंवा किनाऱ्यावर दिवे आणि जनरेटर नेणं महाग पडतं, म्हणून कमी पैशांचे बेटपट तिच्यावरच चालतात. पद्धत वाईट नाही, पण समुद्रकिनारा ही तिच्यासाठी सर्वांत अवघड जागा आहे.

साधारण रीत अशी. एक्स्पोजर दीड ते दोन स्टॉप खाली ठेवायचं (एक स्टॉप उतरला की कॅमेऱ्यात शिरणारा उजेड निम्मा होतो). कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर ठेवला की दिवसाचा ५६०० केल्विनचा उजेड निळा दिसतो; पण पूर्ण निळा ठेवू नका, संकलनानंतर रंग निम्म्याने उतरवा. रात्री डोळ्यांना रंग कमीच दिसतात. सूर्य पात्रांच्या मागे आणि थोडा बाजूला हवा, म्हणजे केसांना आणि खांद्याला कड मिळते, चेहरा अंधारात राहतो आणि सूर्य चंद्राचं काम करतो. रिफ्लेक्टर बाजूला ठेवून द्या.

फसतं ते असं. आकाश चौकटीत आलं की संपलं; आकाश सगळ्यात उजळ असतं. पोलरायझर हा फिल्टर सूर्यापासून ९० अंशांच्या दिशेला आकाश बरंच काळवंडतो, पण मग सूर्य मागे ठेवायचा नियम मोडतो. त्यापेक्षा कॅमेरा थोडा वर चढवून खाली रोखा आणि क्षितिज चौकटीबाहेर घालवा. पांढरी वाळू खालून चेहऱ्यावर उजेड फेकते. काळं कापड अंथरा किंवा ओल्या वाळूवर या. नारळाच्या झावळ्या आणि पाणी उन्हात लखलखतात, ती लखलख किती स्टॉप उतरवलं तरी मरत नाही. कष्टकऱ्यांची मशाल तर अशा चित्रणात मेलेलीच दिसते, कारण उन्हाने ज्वाला आधीच खाल्लेली असते. मशाल हवी असेल तर दाट सावलीत चित्रण करा. शेवटचं, आणि सर्वांत जास्त निसटणारं : उन्हामुळे नटाचे डोळे बारीक होतात. रात्री कुणी डोळे किलकिले करून चालत नाही. ज्या सिनेमाविषयी लिहिलंत त्यात तुम्हाला 'ऊन' जाणवलं ते बहुधा याचमुळे.

दुसरा मार्ग संधिप्रकाशाचा. पण विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली बुडतो, त्यामुळे कामाचा उजेड सूर्यास्तानंतर जेमतेम २० ते २५ मिनिटं टिकतो. तेवढ्यात दोन, फार तर तीन शॉट होतात. तालीम दुपारी करून ठेवा आणि संध्याकाळी फक्त चित्रण करा. कॅमेरा थंड खोलीतून दमट हवेत आणला की काचेवर वाफ धरते. तो बंद पिशवीतच अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा आणि मग पिशवी उघडा. घाई करून काच पुसत बसलात तर उजेड निघून जातो.

प्रश्न : आम्ही १५ मिनिटांचा लघुपट करतोय. पार्श्वभूमी हैतीची, सहा-सात नट आहेत. रंगभूषा कशी करावी? घाम खूप येणार आहे.

आधी ठरवा की मुडदा किती दिवसांचा आहे. व्हूडूचा झॉम्बी सडलेला नसतो, तो नुकताच पुरलेला असतो आणि राबण्याइतका धड असतो. त्यामुळे लोंबणारं मांस, उघडी हाडं यांची गरजच नाही. तुमचे पैसे आणि वेळ तिथेच वाचले.

चेहऱ्यातून रक्ताचा रंग काढून घेणं हे मुख्य काम. सावळ्या-काळ्या त्वचेवर पांढरा किंवा राखाडी रंग थापला तर खडू फासल्यासारखं दिसतं. त्याऐवजी अल्कोहोलने विरघळणारे रंग अगदी पातळ घ्या. हे रंग घामाला आणि पाण्याला दाद देत नाहीत. आधी सगळीकडे ऑलिव्ह हिरव्याचा पातळ हात, मग डोळ्यांच्या खोबणीत आणि गालांच्या खळग्यात तपकिरी-जांभळा. ओठांवर त्वचेचाच रंग चढवा, म्हणजे लाली मरते. वरून मुलतानी माती कोरडीच, मऊ ब्रशने. कपडे, नखं आणि कानामागेही माती हवी. कानामागची विसरली की माणूस आंघोळ करून आलेला वाटतो.

ओठांभोवती किंवा गळ्यावर सुकलेली, फाटलेली त्वचा दाखवायची असेल तर द्रव लॅटेक्स आणि टिश्यू पेपर. एक दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून २४ तास थांबा. लॅटेक्सची ॲलर्जी असणारे नट भेटतात. त्वचा अल्कोहोलने पुसून तेल काढा, भुवया आणि बारीक लव यांवर व्हॅसलीन लावा, नाहीतर काढताना केस उपटून येतात. लॅटेक्सचा पातळ थर, त्यावर कडा फाडलेला टिश्यू (कात्रीने कापू नका, सरळ रेघ दिसते), पुन्हा लॅटेक्स. असे तीन थर पुरतात. पांढरा रंग जाऊन पारदर्शक पिवळट झाला की वाळलं समजा. दमट हवेत प्रत्येक थराला दहा मिनिटं सहज लागतात. थंड हवेचा ड्रायर फिरवा. घाई करून ओल्यावर ओलं चढवलं तर वरून वाळतं, आतून ओलं राहतं, आणि तासाभरात घाम खालून शिरून कड उचलते. कड उचललीच तर प्रॉस-एड हा डिंक लावा, तो पांढऱ्याचा पारदर्शक होईपर्यंत थांबा आणि मगच दाबा. डोळ्यांपासून दूर राहा; द्रव लॅटेक्समध्ये अमोनिया असतो.

पांढऱ्या कॉन्टॅक्ट लेन्स किनाऱ्यावर नकोत. वाळूचा कण आत गेला तर बुब्बुळाला जखम होते. डोळे अभिनयातून मेलेले दाखवता येतात, आणि जास्त चांगले. माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी लववतो. शॉट तीन सेकंदांच्या आतला ठेवा, पापणी लवायच्या आत कापा. नटाला समोरच्या माणसाकडे पाहू देऊ नका. त्याच्या डोक्याच्या बऱ्याच मागे, लांबच्या एखाद्या झाडावर नजर ठेवायला सांगा. नजर जुळल्यासारखी वाटते पण पोचत नाही, आणि तेच हवं आहे.

चाल : हात पुढे ताणून, पाय फरफटत चालणं सोडा. प्रत्येकाच्या डोक्यावर किंवा खांद्यावर उसाची मोळी द्या. ओझ्याने चाल आपोआप बदलते, खोटी वाटत नाही. सहा-सात माणसं वीसएक वाटावीत म्हणून ८५ ते १३५ मिलिमीटरची लेन्स लावून लांबून घ्या. सरींच्या मधून माणसं एकावर एक दिसतात, आणि मागच्या रांगेतल्यांची फक्त टोपी व सदरा बदलला तरी ती नवीन वाटतात.

रक्त कमी लागेल, तरी कृती देतो. कॉर्न सिरप १ कप, पाणी २ ते ३ मोठे चमचे, खाण्याचा लाल रंग २ छोटे चमचे, निळा २-३ थेंब आणि गुलाबी झाक घालवायला कोको पावडर १ छोटा चमचा. कोको आधी पाण्यात कालवा, थेट घातला तर गुठळ्या होतात. उघड्यावर मात्र या गोड रक्तावर मुंग्या आणि माश्या तुटून पडतात; तिथे सिरपऐवजी ग्लिसरीन घ्या.

प्रश्न : ढोल वाजले की आता झॉम्बी येणार हे कळतंच. ढोल काढूनच टाकावेत का?

काढू नका, त्यांना कारण द्या. 'आय वॉक्ड विथ अ झॉम्बी'मध्ये नायिकेला रात्री ढोल ऐकू येतात आणि ती दचकते. उत्तर मिळतं की हा साखर कारखान्याचा कामाचा ढोल आहे, इथला भोंगाच म्हणा. भीती ओसरते आणि त्याच वेळी ढोल, ऊस आणि राबणं यांची गाठ मनात बसते.

व्हूडूच्या रादा विधीत तीन ढोल असतात : मोठा मांमां, मधला सेगों आणि लहान बुला. बुला ठेका धरून ठेवतो, मोठा ढोल त्यावर बोलतो आणि ताल तोडतो. सिनेमात बहुधा बुलासारखा एकच ठेका दीड तास फिरवतात, म्हणून कान त्याला सरावतो. मोठ्या ढोलाचं तुटणं ऐकवा, आणि ऐन वेळी सगळंच बंद करा. थांबलेला ढोल जास्त घाबरवतो.

ध्वनिमिश्रणात अंतर राखा. लांबचा ढोल म्हणजे नुसता कमी आवाजाचा ढोल नव्हे : वरच्या कंप्रता हवेत विरतात, थापेची धार जाते, वाऱ्याबरोबर आवाज येतो-जातो. दोन-तीन किलोहर्ट्झच्या वरचं उतरवा आणि आवाजाची पातळी वाऱ्याच्या झुळकीबरोबर हलती ठेवा.

प्रश्न : पण फुल्चीच्या १९७९ च्या सिनेमात बेट आहे, व्हूडू आहे, मुडदे माणसं खातात, तरी तो चालतो. मग तुमचं म्हणणं कसं टिकतं?

प्रश्न रास्त आहे. इटालियन दिग्दर्शक लुचो फुल्चीचा 'झॉम्बी २' (रोमेरोचा १९७८ चा सिनेमा इटलीत 'झॉम्बी' नावाने लागला होता, म्हणून हा दोन नंबरचा) कथेच्या बाबतीत खरोखर विरळ आहे. पण तो दोन गोष्टी जिवापाड सांभाळतो. एक म्हणजे मातुल बेटावरचा डॉक्टर. त्याला व्हूडू मान्य नाही, तो कारण शोधतो आहे, आणि ते सापडत नाही. सिनेमा शेवटपर्यंत खुलासा करत नाही. तुमच्या सिनेमात मांत्रिकाने भर प्रसंगी सगळं समजावून सांगितलं असेल तर तुलनाच संपली.

दुसरी गोष्ट, वेग. दाराच्या फटीतून हात येतो, बाईचे केस धरतो आणि तिला फुटलेल्या लाकडाच्या टोकाकडे ओढतो. टोक, डोळा, टोक, डोळा. प्रत्येक वेळी अंतर थोडं कमी. फुल्ची तिथून नजर हटवत नाही, घाईही करत नाही. घाबरवणाऱ्या दिग्दर्शकाला इथे शिकायला पुष्कळ आहे. तरी स्पष्टच सांगायचं तर त्या सिनेमाची भीती शरीराची आहे, व्हूडूची नाही; ढोल बाजूला काढले तरी तो तसाच राहील.

प्रश्न : आमच्या लघुपटाचा शेवट डोक्यात गोळी घालून करायचा नाही. व्हूडूत दुसरा काही मार्ग आहे का?

मीठ. झॉम्बीला अळणी जेवण द्यायचं, कारण जिभेला मीठ लागलं की आपण मेलेले आहोत हे त्याला कळतं, अशी समजूत आहे. सीब्रुकने नोंदलेल्या गोष्टीत मालकाची बायको दया येऊन राबणाऱ्या मुडद्यांना बाजारात नेते आणि गोड वड्या खायला देते. वड्यांतले दाणे खारवलेले असतात. मुडदे ओरडतात, वळतात आणि डोंगरातल्या आपल्या गावाकडे चालू लागतात. गावातले लोक त्यांना ओळखून हाका मारतात, ते वळून बघत नाहीत. ते स्मशानात जातात आणि आपापल्या थडग्याची माती हातांनी उकरू लागतात.

हे चित्रित करायला गोळीबारापेक्षा सोपं आहे. हाताच्या तळव्यावर एक दाणा, त्याचा जवळचा शॉट. चघळणारा जबडा. मग थांबलेला जबडा. इथेच, सबंध लघुपटात पहिल्यांदा, नटाला पापणी लववू द्या.